दुभत्याचे जुने कपाट: हिरवा रंग काढावा की राहू द्यावा?

सायलीवेल (५ जुलै)

चिपळूणजवळचे आमचे आजोळचे घर या वैशाखात उतरवले. भांडीकुंडी, पाट, चौरंग यांची वाटणी झाल्यावर कोणालाच नको असलेल्या दोन वस्तू उरल्या, त्या मी टेंपोत घालून ठाण्याच्या सदनिकेत आणल्या. एक दुभत्याचे कपाट आणि दुसरी वेताची आरामखुर्ची.

कपाट साडेचार फूट उंच आहे; आत तीन फळ्या, खाली एक खण. सागवानी असावे असे मामा म्हणतो. दोन्ही दारांची लोखंडी जाळी गंजून फाटली आहे. चारही पाय वर्षानुवर्षे पाण्याने भरलेल्या दगडी वाट्यांत उभे असत. त्यामुळे मुंग्या दुधातुपापर्यंत पोहोचल्या नाहीत, पण पायांचे खालचे दोन-अडीच इंच मात्र कुजून भुसभुशीत झाले. बाहेरून हिरवा ऑइलपेंट आहे आणि तो आईच्या लग्नाच्या वेळचा, म्हणजे १९७० च्या दशकातला. आतल्या बाजूला काळपट तपकिरी, अजूनही थोडेसे चकाकणारे पॉलिश दिसते. सर्वांत खालच्या फळीला टाचणीच्या डोक्याएवढी भोके आहेत.

सुताराने दोन मिनिटांत निकाल दिला की सगळे घासून कोरे करू, वर पीयू (पॉलियुरेथेनचे कडक पॉलिश) मारू आणि जाळीच्या जागी काच बसवू. धाकट्या बहिणीला ते पांढऱ्या रंगात हवे आहे. माझे मन दोन्हींना तयार होत नाही, परंतु त्याचे भावनेपलीकडचे कारण मला सांगता येत नाही. ज्यांनी घरी असे काम केले आहे त्यांनी सुरुवात कोठून करावी हे सांगितले तर उपकार होतील.

पटाशी (५ जुलै)

सुरुवात पॉलिश पेपरने करू नका, एवढे पहिले. जुन्या लाकडाचे सर्वाधिक नुकसान वाळवी करत नाही, विजेचे सँडर हाती आलेला उत्साही माणूस करतो. जुन्या सागावर प्रकाशाने आणि हातांच्या वावराने जो रंग चढलेला असतो तो अगदी वरच्या थरात असतो. तो एकदा घासून गेला की खालचे लाकूड नव्यासारखे फिकट निघते आणि मग त्याला 'जुना' दिसावा म्हणून डाय लावण्याची वेळ येते.

आधी आतले पॉलिश कोणते आहे ते शोधा. रंगाच्या दुकानात पॉलिशचे स्पिरिट मिळते. त्यात कापसाचा बोळा भिजवून आतल्या कोपऱ्यात, जेथे सहसा नजर जात नाही तेथे, मिनिटभर दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यावर तपकिरी रंग उतरला तर ते लाखेचे पॉलिश आहे, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. काहीच झाले नाही तर ते व्हार्निश, मेलामाइन किंवा तसलेच काही आहे. लाख असेल तर तुमचे निम्मे काम वाचले, असे समजा. ते पॉलिश खरवडून काढण्याची गरज नसते. मळ पुसून, पातळ लाखेचे हात दिले की नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. पीयूच्या बाबतीत हे होत नाही. त्यावर ओरखडा उठला की बहुधा तो सगळा भाग घासून पुन्हा करावा लागतो.

सदनिका_४०३ (६ जुलै)

पटाशी यांच्याशी अर्धा सहमत आहे. लाखेचे पॉलिश देखणे असते यात वाद नाही, पण ते वापराच्या घरात टिकत नाही. आमच्या जेवणाच्या सागवानी टेबलाला मी हौसेने फ्रेंच पॉलिश, म्हणजे लाखेचेच, करून घेतले. पहिल्याच महिन्यात आमटीच्या पातेल्याने त्यावर पांढरे वर्तुळ उमटवले, आणि पुढे सॅनिटायझरच्या दिवसांत तर बाटली जेथे ठेवू तेथे पॉलिश विरघळले. शेवटी पीयू केले. त्यालाही आता सहा वर्षे झाली आणि मुले त्यावर अभ्यास, जेवण आणि मारामारी असे सर्व काही करतात. वस्तू वापरायची की तिची पूजा करायची, हे आधी ठरवावे.

पटाशी (६ जुलै)

जेवणाच्या टेबलाला पीयू योग्यच आहे, तेथे मी भांडणार नाही. पण दुभत्याच्या कपाटावर कोणी गरम पातेले ठेवत नाही. उभ्या पृष्ठभागांना लाख उत्तम टिकते. एका वस्तूचा अनुभव दुसरीला सरसकट लावला की असे होते.

केवडा_२ (६ जुलै)

मी रंग-रसायनांच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून पॉलिशपेक्षा हिरव्या रंगाविषयी लिहितो. १९७० च्या दशकातला ऑइलपेंट असेल तर त्यात शिसे आहे असे गृहीत धरूनच वागावे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या चकचकीत रंगांत, विशेषतः हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या छटांत, शिशाचे प्रमाण याच्या कितीतरी पट असू शके. हा रंग लाकडावर शांत बसलेला असताना फारसा त्रास देत नाही. तो कोरडा घासला की त्याची धूळ घरभर होते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर हे काम घरात करूच नये.

काढायचाच असेल तर पाण्याने ओला करून खरवडावा, खाली प्लॅस्टिक अंथरावे, चांगला मास्क लावावा आणि निघालेले पापुद्रे झाडूने न लोटता ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत. गरम हवेच्या बंदुकीचा मोह टाळावा. फार तापवले तर शिशाच्या वाफा होतात. रंग काढण्याचे जेल वापरल्यास ते मोकळ्या हवेतच वापरावे, कारण त्यांपैकी अनेकांत मिथिलीन क्लोराइड असते आणि बंद बाल्कनीत त्याने भोवळ येते.

कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने रंग झटपट निघतो हे खरे आहे, पण सागाच्या बाबतीत तो मार्ग विसरावा. मी घरचा जुना सागवानी पाट असा 'स्वच्छ' केला. रंग निघाला, पण पाट जळल्यासारखा काळा पडला आणि त्याच्या कडांचे तंतू सुटले. तो पाट आता माळ्यावर आहे आणि त्याचा विषय आमच्याकडे काढत नाहीत.

चाफेकळी_ठाणे (६ जुलै)

आमच्याकडे वाळवीने निम्मे काम आधीच करून ठेवले होते, सुताराने फक्त उरलेले संपवले.

रानभुंगा (७ जुलै)

चाफेकळी यांच्या विनोदावरून आठवले की भोकांचा प्रश्न तसाच राहिला आहे. वाळवी आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळवी मातीचे बोगदे करते आणि आतून लाकूड पोकळ करते. टाचणीएवढी गोल भोके आणि मैद्यासारखी बारीक पूड हे भुंगेऱ्यांचे लक्षण आहे. भोके म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची वाट, त्यामुळे ती दिसली म्हणून किडा आजही आत आहे असे नाही. फळीखाली काळा कागद अंथरून महिनाभर वाट पाहा. कागदावर नवी पूड पडली तर किडा जिवंत आहे.

आणखी एक गोष्ट. हे भुंगेरे ज्या लाकडात पिष्ट असते त्यावर जगतात, म्हणजे खोडाच्या बाहेरच्या फिकट भागावर. सागाच्या गाभ्याला ते सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून तुमची खालची फळी एकतर गाभ्याबाहेरच्या लाकडाची आहे, नाहीतर मागाहून कोणीतरी हलक्या लाकडाची बसवलेली आहे. तिची जाडी आणि रेषा बाकीच्या फळ्यांशी ताडून पाहा. पूड पडत असेल तर टाकणखार आणि बोरिक अॅसिडचे द्रावण कोऱ्या लाकडावर दोन-तीनदा मुरवावे लागते. रंगावरून लावून उपयोग नाही. कोकणात काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी पद्धत आहे आणि ती परिणामकारकही आहे, पण त्या तेलाने कातडी भाजते आणि कपाटात पुढे खाण्याच्या वस्तू ठेवायच्या असतील तर ते मुळीच नको.

मोरपंखी_दिवा (७ जुलै)

रंग देणे म्हणजे जणू पातक, असा सूर येथे लागतो आहे म्हणून लिहिते. मी सासूबाईंचे ड्रेसिंग टेबल पांढरे रंगवले आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. ते प्लायवूडचे होते, त्यावरचा सागाचा पातळ पापुद्रा जागोजागी उडालेला होता आणि पॉलिशवाल्याने हात जोडले होते. रंगवले नसते तर ते भंगारात गेले असते. आज त्याच्यासमोर माझी मुलगी वेणी घालते. मात्र बहिणीच्या आग्रहाला मान द्यायचाच झाला तर एक ध्यानात ठेवा. सागावर सरळ पांढरा रंग दिला तर काही आठवड्यांत लाकडातले पिवळट तपकिरी डाग वर येतात. माझ्या पहिल्या दोन हातांचे तसेच झाले, कारण चौकट सागाची होती. मग कोणीतरी सुचवले म्हणून मध्ये लाखेचा एक हात दिला आणि डाग थांबले. म्हणजे पटाशी यांची लाख आमच्याही कामी आली.

पटाशी (७ जुलै)

मोरपंखी, पापुद्रा उडालेल्या प्लायवूडला रंग देणे हा शहाणपणाच आहे. माझा आक्षेप भरीव लाकडापुरता आहे, आणि तोही रंगापेक्षा घासण्याला अधिक. रंग उद्या काढता येतो. घासून गेलेले लाकूड परत आणता येत नाही.

हिमवर्षाव_न्यूजर्सी (८ जुलै)

सांध्यांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून माझी चूक सांगतो. आजीचा शिसवी पेटारा मी २०१४ साली जहाजाने इकडे आणला. (आता तसे करणे सोपे राहिलेले नाही. शिसवीचा जवळजवळ सगळा वंश, म्हणजे डालबर्जिया, जानेवारी २०१७ पासून धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि मोठ्या वस्तूला परवाने लागतात.) येथील हिवाळ्यात घर तापवले की आतली हवा अतिशय कोरडी होते. पेटाऱ्याच्या झाकणाची मधली फळी पहिल्या हिवाळ्यात चौकटीत किंचित खुळखुळू लागली. मला ते सैल झाल्याचे लक्षण वाटले आणि मी सर्व बाजूंनी पांढरा डिंक भरून ती पक्की केली. दुसऱ्या हिवाळ्यात, रात्री बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि फळी मधोमध चिरली.

नंतर कळले ते असे. लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीला ऋतूप्रमाणे आकसते आणि फुगते. फूटभर रुंद फळीत दोन-तीन मिलिमीटरांचा फरक सहज पडतो. म्हणूनच जुने सुतार फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवत, चिकटवत नसत. खुळखुळणे हा दोष नव्हता, ती मुद्दाम ठेवलेली मोकळीक होती. तुमच्या कपाटाची पाठ आणि दारांच्या खालच्या फळ्या तशा मोकळ्या असतील तर सुताराला तेथे फेविकॉलची बाटली घेऊन जाऊ देऊ नका.

पटाशी (८ जुलै)

न्यूजर्सीकरांचा प्रतिसाद सोन्याचा आहे. त्याला जोडून सांगतो की जुन्या वस्तूंत बहुतेक सरस वापरलेला असतो, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो गरम, ओल्या फडक्याने मऊ पडतो, त्यामुळे हलणारा सांधा न तोडता सुटा करता येतो, साफ करून पुन्हा बसवता येतो. खिळे मात्र ठोकू नयेत. दमट हवेत खिळा गंजतो आणि त्याभोवती काळा डाग पडू शकतो, कारण लाकडातली द्रव्ये आणि लोखंड यांची ओलाव्यात शाईसारखी प्रक्रिया होते. असे काळे डाग ऑक्झॅलिक अॅसिडच्या सौम्य द्रावणाने फिके होतात, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने पुसा.

वेतसलता (९ जुलै)

सगळे कपाटाभोवती जमले आणि बिचारी खुर्ची बाहेर राहिली. खुर्चीची बैठक फाटली आहे की नुसती खाली बसली आहे? वेत तुटलेला नसेल तर खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालच्या बाजूने गरम पाण्यात पिळलेले फडके अर्धा तास ठेवा आणि नंतर सावलीत पूर्ण सुकू द्या, तोवर कोणालाही बसू देऊ नका. वेत वाळताना आवळतो आणि बैठक पुष्कळशी ताठ होते.

फाटली असेल तर चौकटीच्या कडेला पाहा. ओळीने स्वतंत्र भोके असतील तर ती हाताने विणलेली बैठक आहे. भोके नसून एकसलग खाच असेल तर तयार विणलेला वेताचा पट्टा त्यात ठोकून बसवलेला आहे. दुसरे काम तासाभराचे आहे. पहिल्याला दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरप्या अशा सहा फेऱ्या आणि शेवटी कडेची पट्टी लागते. मला एका खुर्चीला चार दिवस लागले आणि त्यानंतर आठवडाभर बोटे वाकत नव्हती. सरकारी कार्यालयांतल्या खुर्च्यांचे हे विणकाम वर्षानुवर्षे दृष्टिहीन कारागीर करत आले आहेत. त्यांच्या प्रशिक्षण संस्थांकडे चौकशी केल्यास हे काम चांगले करून मिळते आणि पैसे योग्य हाती जातात.

सदनिका_४०३ (९ जुलै)

आरामखुर्चीच्या लांब हातांवर चहाचा कप ठेवणार असाल तर निदान तेवढ्या भागापुरते माझे पीयू आठवा. ताणत नाही, नुसते नोंदवून ठेवतो.

जुनाबाजार_पुणे (१० जुलै)

पायांविषयी. कुजलेला भाग कापून चारही पाय सारखे करण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो स्वस्त असला तरी त्याने कपाट बुटके होते आणि खण जमिनीला टेकल्यासारखा दिसतो. त्याऐवजी कुजलेले काढून, तिरक्या कापाने जुन्याच सागाचा तुकडा जोडून घ्या. सरळ कापापेक्षा तिरक्या कापात डिंकाला अधिक पृष्ठभाग मिळतो आणि लाकडाच्या रेषा जुळवल्या तर जोड दोन हातांवरून दिसत नाही. जुने सागवान वाड्यांच्या मोडीत मिळते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात, मुंबईत ओशिवऱ्याच्या लाकडी सामानाच्या दुकानांत खिडक्यांच्या चौकटी सुट्या विकत मिळतात. नव्या सागापेक्षा तेच घ्यावे, कारण ते कित्येक पावसाळे पाहून स्थिर झालेले असते.

पायाचा तळ म्हणजे लाकडाच्या उघड्या नळ्याच असतात आणि त्या पाणी वर शोषतात. जोड झाल्यावर तळाला लाखेचे तीन-चार हात मुरवा आणि खाली पितळी टोपी बसवा. फरशी पुसतानाचे रोजचे पाणीही कमी नसते.

केवडा_२ (१० जुलै)

जवसाच्या तेलाचा सल्ला कोणीतरी देईलच, म्हणून आगाऊ सूचना करतो. तेल लावून झाल्यावर त्या चिंध्यांचा बोळा करून टोपलीत टाकू नका. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. गोळा केलेल्या चिंध्यांत ती साठून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. आमच्या गच्चीवरच्या बादलीतून धूर येताना मी स्वतः पाहिला आहे.

सायलीवेल (२ ऑगस्ट)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला उशीर झाला, कारण रानभुंगा यांचा काळा कागद अंथरून बसले होते. पंचवीस दिवसांत पूड पडली नाही. फळी ताडून पाहिली तर ती खरोखरच बाकीच्यांपेक्षा पातळ आणि फिकट निघाली. मामाला विचारले, तेव्हा मूळ फळी पुरात फुगल्यावर आजोबांनी आंब्याची बसवल्याचे त्याला आठवले. ती आता काढणार नाही.

स्पिरिटची चाचणी केली. आतले पॉलिश दोन मिनिटांत बोळ्यावर उतरले, म्हणजे लाखच. हिरवा रंग ढिम्म हलला नाही. दारामागच्या कडेला, जेथे हिरवा रंग संपतो, तेथे सुताराने सांध्यासाठी आखलेली रेघ अजून दिसते. सँडर चालला असता तर ती पहिल्या अर्ध्या मिनिटात गेली असती, आणि मला जे कारण सांगता येत नव्हते ते बहुधा तेच होते.

घरात भाच्याचे, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचे, येणे-जाणे असते. म्हणून हिरवा रंग मी स्वतः काढणार नाही. कपाट एका जुन्या पॉलिशवाल्या काकांच्या गाळ्यात पोहोचवले आहे. ते जेलने, न घासता, रंग काढून देणार आहेत. आतून फक्त साफसफाई आणि लाखेचे तीन हात. जाळीच्या जागी काच नाही, पितळी जाळी. बहिणीची समजूत आरामखुर्ची तिला देऊन काढली. बैठक वेतसलता यांच्या फडक्याने ताठ झाली होती, त्यामुळे खुर्ची देताना मला वाईट वाटले.

पण काकांनी एक अट घातली आहे की पॉलिश दसऱ्यानंतरच करायचे. ही टाळाटाळ आहे का?

पटाशी (२ ऑगस्ट)

टाळाटाळ नाही, माणूस जाणकार आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर त्यावर बाष्प जमते आणि पॉलिश दुधी पडते. श्रावणात फ्रेंच पॉलिश करून देतो म्हणणाऱ्यापासून जपावे. शिवाय लाख ताजी विरघळवलेली आहे का ते विचारा. लिटरभर स्पिरिटला दोनशे ग्रॅमच्या आसपास पत्रीची (पातळ पापुद्र्यांची) लाख, आणि तीही त्याच मोसमात केलेली. वर्षभर बाटलीत पडून राहिलेली लाख नीट वाळत नाही, बोटाला चिकटत राहते.

मोरपंखी_दिवा (३ ऑगस्ट)

खुर्ची पांढरी रंगवायची झाल्यास बहिणीला माझ्याकडे पाठवा. आधी लाखेचा हात, हे सांगायला विसरू नका.

सायलीवेल (३ ऑगस्ट)

एक शेवटची अडचण. खालचा खण मी घरीच ठेवून घेतला होता, पायांचे काम झाले की बसवून पाहावा म्हणून. गाळ्यात नेऊन लावला तर तो अर्ध्यावर अडकतो. आणला तेव्हा, मे महिन्यात, सहज सरकत होता. काकांचा मदतनीस रंधा मारतो म्हणाला, मी थांबवले आहे.

हिमवर्षाव_न्यूजर्सी (३ ऑगस्ट)

बरे केलेत. आता रंधा मारला तर जानेवारीत तो खण खाचेत डगडगेल. सध्या दोन्ही कडांना मेणबत्ती घासा.

सायलीवेल (४ ऑगस्ट)

मेणबत्तीने तीन बोटे पुढे सरकला. उरलेला दिवाळीत पाहू.